वरून पाहणाऱ्याला आपले पीक कसे दिसते?



पीक विमा, पीक पाहणी आणि दुष्काळ जाहीर करणे या तिन्ही कामांत आता ‘उपग्रहाची पाहणी’ हा शब्द वारंवार कानावर येतो. त्यावर श्रोत्यांचे प्रश्न साधारण दोन तऱ्हेचे असतात. काहीजण विचारतात, “एवढ्या उंचीवरून आमचं दीड एकर सोयाबीन कुणाला काय दिसणार?” आणि काहींना वाटतं की वरच्याला सगळंच दिसतंय, मग अर्ज, फोटो, तलाठ्याकडे खेपा हे सगळं कशाला? दोन्ही समजुती अर्धवट आहेत. त्यांपैकी दुसरी जास्त महागात पडते, कारण तिच्यामुळे माणूस वेळेत हालचाल करीत नाही. रेडिओवरच्या थोड्या मिनिटांत हा विषय मावत नाही, म्हणून तो या पत्रकात जरा सविस्तर देत आहे.

हात न लावता, लांबून, उजेडावरून वस्तूची पारख करणे याला शास्त्रात दूरसंवेदन म्हणतात. शब्द मोठा आहे, पण काम तुमच्या ओळखीचे आहे. बांधावर उभे राहून तुम्ही सांगता की पलीकडच्या वावरात नत्र कमी पडलंय. पानाला हात लावलेला नसतो, रंगावरून ताडलेले असते. उपग्रहही तेच करतो. फक्त त्याचा बांध सुमारे ८०० किलोमीटर उंच असतो आणि त्याला आपल्यापेक्षा एक रंग जास्त दिसतो.

हिरव्या पानाचे गुपित

उन्हात सात रंग असतात हे आपण शाळेत शिकलो. पान त्यातला निळा आणि तांबडा उजेड आपले अन्न तयार करण्यासाठी खाऊन टाकते. हिरवा थोडा परत फेकते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. पण उन्हात तांबड्याच्या पलीकडेही एक उजेड असतो, ज्याला अवरक्त म्हणतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो असतो याची खात्री घरी करून घेता येते. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. पुष्कळ मोबाईलवर रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. नुसत्या डोळ्यांनी मात्र तिथे काहीच दिसत नाही. हाच तो तांबड्यापलीकडचा उजेड.

हा उजेड पानाच्या उपयोगाचा नाही. त्याने अन्न तयार होत नाही, आत घेतला तर नुसती गरमी वाढते. म्हणून निरोगी, भरलेले पान तो जवळजवळ अर्धा परत फेकते. पानाच्या आत स्पंजासारखी पोकळ रचना असते, तिच्यात हा उजेड शिरतो, इकडेतिकडे आपटतो आणि बाहेर येतो. पान रोगट झाले, सुकले किंवा पातळ झाले की दोन गोष्टी घडतात. हिरवा द्रव कमी झाल्याने तांबडा उजेड कमी खाल्ला जातो, म्हणजे तो जास्त परत येतो. आणि आतली रचना ढासळल्याने अवरक्त उजेड कमी परत येतो. एक वाढतो, दुसरा घटतो.

आता थोडा हिशोब करू. समजा १०० भाग उजेड पडला. जोमदार पिकावरून अवरक्त ४५ भाग परत आला आणि तांबडा ५ भाग. दोहोंतला फरक ४०, बेरीज ५०. फरकाला बेरजेने भागले की ०.८ येतात. मार खाल्लेल्या पिकात अवरक्त ३० आणि तांबडा १२ आला असे धरा: फरक १८, बेरीज ४२, उत्तर साधारण ०.४३. उघड्या काळ्या जमिनीत २० आणि १४ असतील तर उत्तर ०.१८ च्या आसपास. पाणी अवरक्त उजेड गिळून टाकते, म्हणून तळ्याचे उत्तर शून्याच्याही खाली जाते. या उत्तराला हिरवळीचा निर्देशांक म्हणतात. विम्याच्या किंवा दुष्काळाच्या कागदात ‘एनडीव्हीआय’ अशी अक्षरे दिसली तर ती याचीच.

भागाकार कशासाठी, नुसती वजाबाकी का नाही, असे कुणी विचारेल. समजा त्या दिवशी ऊन निम्मेच होते. मग ४५ चे साडेबावीस झाले आणि ५ चे अडीच. फरक २०, बेरीज २५, उत्तर पुन्हा ०.८. उजेड कमी-जास्त झाला तरी पिकाचा गुण तोच राहतो. साधी युक्ती आहे, पण तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे.

ही विद्या आली कुठून

शेतीसाठी ती शोधली गेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रणगाडे हिरव्या रंगाने रंगवून किंवा तोडलेल्या फांद्यांनी झाकून लपवीत. विमानातून साध्या फिल्मवर फोटो काढला तर रान आणि रंग सारखेच दिसत. अवरक्त फिल्मवर मात्र जिवंत झाड भडक लाल उमटायचे आणि रंगवलेले कापड किंवा तोडलेली, सुकत चाललेली फांदी वेगळी पडायची. उपग्रहाच्या चित्रात अजूनही पीक लाल दाखवण्याची जी रीत आहे, ती तिथूनच आलेली. असे चित्र पाहून पीक जळाले की काय असे समजू नये. त्यात जितके गडद लाल तितके पीक जोमदार.

आपल्या देशात या कामाची सुरुवात नारळापासून झाली. केरळात नारळाच्या मुळाशी संबंधित मर रोगाने बागा उतरत चालल्या होत्या. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर या बागांचे फोटो घेतले. रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखू आले. पिशारोटींना पुढे भारतातील दूरसंवेदनाचे जनक म्हटले जाऊ लागले. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: हेलिकॉप्टर खालून उडते, म्हणून एकेक झाड निराळे दिसले. उंची वाढली की हे सुख जाते, त्याकडे पुढे येऊ.

१९७२ साली दोन गोष्टी घडल्या. जुलैत अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याच वर्षी सोव्हिएत रशियाचे गव्हाचे पीक बुडाले आणि रशियाने जगाच्या बाजारातून प्रचंड धान्य गुपचूप उचलले. विकणाऱ्यांना आधी पत्ताच लागला नाही. नंतर भाव कडाडले तेव्हा स्वस्तात विकणारे हात चोळत बसले. कोणाच्या शिवारात किती पीक उभे आहे हे ज्याला आधी कळते तो बाजारात वरचढ ठरतो, हे तुम्हाला कांद्याच्या किंवा तुरीच्या भावावरून सांगायला नको. त्यानंतर १९७४ पासून अमेरिकेने परदेशातल्या गव्हाचा अंदाज उपग्रहावरून काढण्याचा मोठा प्रयोग हाती घेतला. १९७७ साली रशियाच्या गव्हाचा त्यांचा अंदाज रशियाने पुढे जाहीर केलेल्या आकड्याच्या अगदी जवळ गेला.

भारताने ७ जून १९७९ रोजी भास्कर आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला, दोन्ही रशियन अग्निबाणांवरून. पुढे रिसोर्ससॅट मालिका आली: २००३, २०११ आणि २०१६. पिकांचे क्षेत्र आणि उत्पादन यांचा अंदाज काढण्यासाठी दिल्लीत २०१२ साली महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले. आपल्या राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला आहे. दुष्काळ ठरवण्याच्या केंद्राच्या २०१६ च्या संहितेतही पावसाबरोबर हिरवळीचा निर्देशांक धरलेला आहे. त्यात आजची हिरवळ मागील वर्षांतल्या याच दिवसांतल्या हिरवळीशी ताडून पाहतात.

गुंठ्याचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. उपग्रहाला शिवार सलग दिसत नाही. भिंतीला जाळी लावून पाहावे तसे चौकोन-चौकोन दिसते. एका चौकोनात जे काही असेल, म्हणजे पीक, बांध, बोरीचे झाड, पाणंद, गोठा, त्या सगळ्यांचा मिळून एकच रंग त्याच्या हाती येतो. भाजीत मीठ-मसाला एकजीव झाल्यावर तिखट किती घातले ते वेगळे काढता येत नाही, तसेच.

१९७२ च्या उपग्रहाचा एक चौकोन एकराहून थोडा मोठा होता. आयआरएस-१ए चा साधा कॅमेराही ७२ मीटरच्या चौकोनात पाहायचा, म्हणजे सव्वा एकराच्या आसपास. रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा; दुसऱ्याचा पावणेसहा मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ आणि २०१७ साली गेले. त्यांचा चौकोन १० मीटर बाय १० मीटर. योगायोग असा की हा आपला जवळजवळ बरोबर एक गुंठा. म्हणजे आज एका एकराचे चाळीस चौकोन वरून मोजले जातात, आणि जोडी मिळून दर पाच दिवसांनी एक फेरी होते.

चाळीस म्हणजे भरपूर झाले असे वाटेल. पण शेताचा आकार पाहावा लागतो. एकर चौरस असेल तर बाजू ६४ मीटरच्या आसपास. त्यात सगळा भाग तुमच्याच पिकाचा असे पंचवीस ते छत्तीस चौकोन मिळतात. कडेचे चौकोन बांधात आणि शेजाऱ्यात वाटले जातात. तोच एकर वाटण्या होऊन १६ मीटर रुंद आणि २५० मीटर लांब पट्टी झाला असेल, तर शुद्ध चौकोनांची जेमतेम एक ओळ मिळते. पट्टी तिरकी असली तर बोटांवर मोजण्याइतकेच चौकोन उरतात. बाकी सगळे शेजारच्या उसात नाहीतर पडीक रानात मिसळलेले. भाऊबंदकीच्या वाटण्यांनी शेताचे जे झाले, त्याचा हाही एक परिणाम. उसाला लागून असलेली कोरडवाहू पट्टी वरून आहे त्यापेक्षा हिरवी दिसू शकते, आणि मधोमध बांधावर दाट झाडे असली तरी तसेच.

आंतरपिकाचेही तेच. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन असे पेरले, तर दोहोंचा मिळून एक रंग येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की हिरवळ घसरते, पण शून्यावर येत नाही, तूर उभी असते. नोंदीत नुसते ‘सोयाबीन’ लिहिलेले असेल तर वरची चाल आणि खालची नोंद जुळत नाही. म्हणून पीक पाहणीत आंतरपीक वेगळे दाखवावे, आळस करू नये.

एका चित्रावर पीक ठरत नाही

एका दिवसाच्या चित्रात सोयाबीन कोणते, मूग कोणता आणि कापूस कोणता हे सांगणे अवघड. पण पेरणीपासून काढणीपर्यंत दर फेरीचे आकडे एकापुढे एक मांडले की पिकाची चाल दिसते. मूग लवकर चढतो, लवकर उतरतो. सोयाबीन ऑगस्टअखेर भर घेते आणि पान गाळून झपाट्याने खाली येते. कापूस सावकाश चढतो आणि दिवाळीनंतरही हिरवा राहतो. ऊस वर्षभराहून अधिक काळ जागा सोडत नाही. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी असे दोन खड्डे पडतात. जशी चाल तसे पीक.

इथे पेरणीच्या तारखेला किंमत येते. पिकून पिवळे पडलेले सोयाबीन आणि पिवळ्या मोझॅकने पिवळे पडलेले सोयाबीन उंचावरून सारखेच. लवकर येणारा वाण पेरलेल्या शेतकऱ्याचे रान सप्टेंबरात उतरते, शेजाऱ्याचे उशिराचे हिरवे असते. यात नुकसान कोणाचे आणि पक्वता कोणाची हे तारीख आणि वाण कळल्याशिवाय उलगडत नाही.

ढग

आपल्याकडे खरिपाची मोठी अडचण ढग. जुलै-ऑगस्टात पाच दिवसांनी फेरी झाली तरी खाली कापूसच पसरलेला, तोही ढगांचा. साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडे काही दिसत नाही, आणि वरच्या भागाकाराची युक्ती दाट ढगापुढे चालत नाही. म्हणून रडारचे उपग्रह वापरतात. रडार स्वतःच्या लहरी खाली सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकते. त्याला ऊन लागत नाही, रात्रही चालते आणि ढग आड येत नाहीत. आपला रिसॅट-१ हा २०१२ चा. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह रडारचाच आहे. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो.

भात ओळखण्यात रडारचा हात धरणारे कोणी नाही. भंडारा-गोंदियात किंवा कोकणात लावणीच्या वेळी खाचरात पाणी उभे असते. निवांत पाण्यावरून लहर आरशावरून घसरावी तशी पुढे निघून जाते, परत येत नाही, त्यामुळे चित्रात खाचर काळे. मग रोप वाढते, लहर चुडांवर आपटून परत येते आणि तीच जागा उजळत जाते. आधी काळे, मग उजळ: ही खूण दुसऱ्या पिकात सहसा मिळत नाही.

काय दिसत नाही

हे समजून घेणे सर्वांत गरजेचे. उपग्रह पान पाहतो, दाणा पाहत नाही. भुईमुगाच्या शेंगा आणि कांद्याचा गड्डा तर जमिनीतच असतो. सोयाबीन नुसते माजले आणि शेंगच धरली नाही तरी वरून गुण चांगलेच पडतात. शिवाय पीक फार दाट झाले की निर्देशांक एका जागी थबकतो. बरे पीक आणि उत्तम पीक यांत मग त्याला फरक कळत नाही. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून शेंगेतच दाण्याला कोंब फुटले, दाणा काळा पडला, तर तो वरून दिसत नाही, कारण पान तोवर गळून गेलेले असते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापसाचे काय केले हे तुम्ही विसरला नसाल. झाडे हिरवीगार उभी होती आणि बोंडे आतून पोखरलेली. त्या साली नुसत्या हिरवळीवर निकाल लावायचा म्हटले असते तर तो शेतकऱ्याच्या विरुद्धच गेला असता.

म्हणूनच पीक कापणी प्रयोग अजून सुटलेला नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या हिशोबात तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले, २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनही त्यात आले. उरलेला भार प्रत्यक्ष कापणीचा. आणि हा हिशोब एकेकट्या शेताचा नसतो, विमा क्षेत्राचा असतो; आपल्याकडे बहुधा महसूल मंडळाचा. ‘उपग्रहात तुमचे शेत चांगले दिसते’ असे कोणी तोंडी सांगून परत पाठवले तर कशाच्या आधारावर, कोणत्या नियमाखाली, हे विनयाने पण लेखी विचारावे. त्यातही गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी जाणत्या माणसांनी हजर राहावे असे मी आवर्जून म्हणेन. चौकोन कोठे आखला, वजन किती भरले, हे पाहण्याला कुणाची हरकत नसते. आणि ज्यांच्या आकड्यावर सगळ्या मंडळाची भरपाई बेतलेली असते, त्यांच्याकडे गावाने पाठ फिरवावी हे मला कधीच पटलेले नाही.

ड्रोनबद्दलही पुष्कळ विचारणा होते. ड्रोन पिकाच्या डोक्यावरून उडते, त्यामुळे बोटाएवढे बारीकही दिसते. केरळच्या हेलिकॉप्टरचेच धाकटे भावंड म्हणा. पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाजवळची आणि इतर काही क्षेत्रे बंद असतात. कामाचे ड्रोन चालवणाऱ्याकडे परवाना लागतो. फवारणीसाठी किंवा पाहणीसाठी भाड्याने बोलावताना तो पाहून घ्यावा.

आता करायचे काय ते सांगतो. ई-पीक पाहणी स्वतः, शेतात उभे राहून, मुदतीत करावी; घरी बसून केलेल्या नोंदीत ठिकाण चुकते. घरच्या वहीत गट नंबर, वाण, पेरणीची तारीख, आंतरपिकाच्या ओळींचे प्रमाण, मोडून दुबार पेरले असल्यास ती तारीख एवढे लिहून ठेवावे. बियाण्याची पावती त्याच वहीत टाचावी. पीक नीट असतानाचाही एक फोटो असू द्यावा, नाहीतर नुकसानीचा फोटो कशाशी ताडणार? फोटो काढताना मोबाईलमधील ठिकाण दाखवण्याची सोय चालू ठेवावी. एक फोटो लांबून, शेजारचे झाड किंवा विहीर दिसेल असा घ्यावा. दुसरा जवळून, शेंग किंवा बोंड फोडून घ्यावा, कारण वरच्याला जे दिसत नाही ते याच फोटोत असते. गारपीट, पाणी साचणे अशा स्थानिक नुकसानीचे संरक्षण त्या हंगामाच्या अधिसूचनेत असेल तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. हे संरक्षण दर हंगामाला सारखे नसते, तेव्हा अर्ज भरतानाच कृषी कार्यालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सरकारी मदतीचा पंचनामा ही विम्याहून वेगळी गोष्ट आहे. तो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात, आणि त्या वेळी शेताचा मालक बांधावर हवा. बाहेरगावी असाल तर वहीसकट घरच्या कुणाला तरी पाठवा.